मदत हवी आहे: शाळेच्या सुरक्षेचे नियम आले, पैसा नाही. आधी काय करावं? (सातारा जिल्हा, डोंगरी भाग)

कोयनाकाठची आई

नमस्कार मंडळी. मी कोयना खोऱ्यातल्या एका छोट्या गावात राहते. आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट ३८. शिक्षक दोन, एक बाई आणि एक सर. मुख्याध्यापकाचा चार्ज बाईंकडेच आहे. शिपाई नाही, क्लार्क नाही, रखवालदार नाही. माझी मुलगी तिसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे, त्यामुळे सखी सावित्री समितीचं (मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची समिती) अध्यक्षपदही माझ्याकडेच आलंय.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण झालं, शाळेतच दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले, तेव्हा आमच्याकडच्या बायका पोरींना सोडायला शाळेपर्यंत आल्या आणि सुट्टी होईपर्यंत व्हरांड्यातच बसून राहिल्या. शेतात भांगलणीचे दिवस होते, तरी कुणी उठलं नाही. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ चा शासन निर्णय आला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, आणि काही घडलं तर २४ तासांच्या आत वर कळवणं. पुढे १३ मे २०२५ ला त्याहून सविस्तर निर्णय निघाला. माझं यातल्या एकाही गोष्टीशी भांडण नाही. हे सगळं व्हायलाच पाहिजे, खरं तर फार आधी व्हायला पाहिजे होतं.

पण पैशाचं काय? आमच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान नियमाने वर्षाला २५,००० रुपये. त्यातले दहा टक्के स्वच्छतेसाठी ठेवायचे. उरलेल्यात लाइट बिल, खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, दुरुस्ती, सगळं आलं. पैसे हप्त्याने येतात, तेही कधी कधी वर्ष संपत आल्यावर. जानेवारी २०२५ मध्ये पोषण आहारातल्या अंड्याचे पैसे शासनाने बंद केले आणि द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या असं सांगितलं. आम्ही गावात फिरून तेवढं जमवलं. आता त्याच घरांपुढे कॅमेऱ्यासाठी जायचं का?

कराडच्या एका दुकानदाराने चार कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र), हार्ड डिस्क आणि वायरिंगचे २६ हजार सांगितले, इन्व्हर्टर वेगळा. म्हणजे वर्षाचं अख्खं अनुदान एकट्या कॅमेऱ्यात जाणार. आणि कॅमेरे कुठे बसवणार म्हणून त्याला विचारलं तर म्हणाला, एक फाटकावर, दोन व्हरांड्यात, एक ऑफिसात. आमच्या शाळेत मला ज्या जागेची खरी काळजी वाटते ती जागा यात नाहीच. मुलींचं शौचालय शाळेच्या मागे ओढ्याच्या अंगाला आहे. तिथवर जायला घाणेरीच्या झुडपांमधून पायवाट आहे. आतली कडी तुटलीये. पोरींनी दाराला बाहेरून पोत्याची सुतळी बांधून ठेवलीये. आत जाणारी सुतळी सोडते आणि मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. पावसाळ्यात पाणी ओढ्यातून बादलीने आणावं लागतं. एकटी मुलगी असेल तर ती जातच नाही, दिवसभर पाणी पीत नाही.

दुसरं म्हणजे वरच्या धनगरवाड्यावरून पाच मुलं येतात, दोन किलोमीटर जंगलातून. त्यांच्या वाटेवर कुठलाच कॅमेरा नाही आणि होणारही नाही.

आता ऑनलाइन माहिती भरायची आहे. ‘सीसीटीव्ही आहे का’ या रकान्यात काय लिहावं म्हणून बाई रडकुंडीला आल्यात. शेजारच्या एका शाळेने म्हणे दुकानातला बंद कॅमेरा भिंतीला लावून फोटो काढला आणि ‘आहे’ लिहून टाकलं. मला ते करायचं नाही. उद्या खरंच काही घडलं तर त्या पोरीच्या आईला मी कोणत्या तोंडाने सांगू की कॅमेरा फोटोपुरता होता?

मला तीन-चार गोष्टी विचारायच्या आहेत. हातात इतके थोडे पैसे असताना आधी काय करावं? पालकांकडून वर्गणी घ्यावी का? आमची खिचडी शिजवणाऱ्या मावशींना महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे, त्यांच्या पडताळणीचा खर्च कुणी करायचा? आणि ‘नाही’ लिहिलं तर बाईंवर कारवाई होईल का? त्या दोघांनीच शाळा धरून ठेवलीये, त्यांना मी अडचणीत आणणार नाही.

कृष्णाकाठ

ताई, मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो, वाई भागात होतो. सगळ्यात आधी रकान्याचं सांगतो. जे आहे ते लिहा. ‘नाही’ लिहिलं म्हणून बाईंचं काही बिघडत नाही, पण नसताना ‘आहे’ लिहिलं तर सही त्यांची असते आणि निस्तरावंही त्यांनाच लागतं. शासन निर्णय नीट वाचा. महिन्याभरात कॅमेरे लावा नाहीतर मान्यता आणि अनुदानावर कारवाई, हा इशारा खासगी शाळांना आहे. सरकारी शाळांचा खर्च जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून करायचा आहे. बाईंनी पदरचे पैसे घालावेत किंवा तुम्ही घरोघर फिरावं असं त्यात कुठेही नाही.

पण निधी मागितल्याशिवाय येत नाही आणि तोंडी मागितलेलं कुणी ऐकत नाही. समितीची सभा लावा. ठरावात लिहा की शाळेत सीसीटीव्ही नाही, कारण निधी नाही, इतक्या रकमेची गरज आहे, दरपत्रक सोबत जोडलं आहे. शौचालयाची कडी, दार, पाणी, झुडपं, हेही त्याच ठरावात नावानिशी येऊ द्या. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक ग्रामपंचायतीला, आणि दोन्हीकडून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. उद्या कुणी विचारलं की तुम्ही काय केलंत, तर तो कागद बाईंच्या पाठीशी उभा राहील.

आता शौचालयाचं. त्यासाठी शाळेच्या अनुदानाला हातही लावू नका. पंधराव्या वित्त आयोगाचे (२०२५-२६ पर्यंत) ग्रामपंचायतीला येणारे साठ टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले असतात. मुलींच्या शौचालयाला दार, कडी आणि नळ यापेक्षा त्या पैशाचा चांगला उपयोग कोणता? शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला आणि बालकल्याणावर खर्च करायची असते. कित्येक गावांत हे पैसे मार्चमध्ये घाईघाईने कशावर तरी उडवले जातात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, आणि त्या दिवशी बायका मोठ्या संख्येने न्या.

सरकारकडे पैसा नाही हे खरंच आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूटच ४५,८९१ कोटी दाखवलीये. पण कात्री सगळ्यात आधी कशाला लागते हे मी नोकरीभर बघत आलो. ज्यांचे पालक मंत्रालयापर्यंत पोहोचू शकत नाहीत त्यांच्या गोष्टींना. अंडं आधी गेलं ते याच कारणाने.

माणदेशी मास्तर

मी आटपाडीकडचा, सांगली जिल्हा. आमच्या शाळेत कॅमेरे आहेत, एका दात्याने दिले. बसवले त्या दिवशी गावभर कौतुक झालं. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि डीव्हीआर जळाला. दुरुस्तीला पैसे कुणी द्यायचे? दात्याने एकदा दिलं, परत त्याच्याकडे कसं जायचं? बरेच दिवस कॅमेरे नुसतेच लटकत होते. शेवटी सरपंचांच्या मागे लागून दुरुस्त करून घेतले. म्हणून सांगतो, दरपत्रकात अर्थिंग, स्टॅबिलायझर आणि वर्षाची देखभाल धरूनच घ्या. नुसती कॅमेऱ्याची किंमत धरू नका.

आणि बघायचं कुणी? मुख्याध्यापकाने आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासायचं आहे. दोन शिक्षकी शाळेत एक जण पडद्यापुढे बसला की दुसऱ्याकडे पाच वर्ग. आम्ही सुट्टीतल्या वेळेचं तेवढंच बघतो, कारण मुलं विखुरतात ती तेव्हाच.

तक्रारपेटीचा मात्र अनुभव चांगला आहे. पेटी २०१७ पासून आहे, पण आधी ती ऑफिसच्या दारात होती, सगळ्यांच्या नजरेसमोर. कोण चिठ्ठी टाकणार? आम्ही ती पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीला हलवली, पहिलीतल्या पोराचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर. आणि मुलांना सांगितलं की काहीही लिहा, चित्र काढलं तरी चालेल. आधी पोरं ‘खिचडीत मीठ कमी’ असंच लिहीत होती. आम्ही तेही सभेत वाचलं आणि मीठ वाढवलं. मुलांना कळलं की लिहिलेलं वाचलं जातं. मग एका चिठ्ठीत आलं की अमुक दुकानवाला सुटे पैसे देताना हात सोडत नाही. ती चिठ्ठी कॅमेऱ्यात कधीच आली नसती, दुकान शाळेबाहेर आहे. पुढचं सगळं रीतसर केलं, जास्त इथे लिहीत नाही.

पेटी एकट्याने उघडू नका. पोलीस पाटील आणि समितीतली एक आई समोर असलीच पाहिजे.

सांगलीचा वकील

वरच्या चिठ्ठीवरून एक गोष्ट सगळ्यांसाठी स्पष्ट करतो, कारण शाळांमध्ये इथेच घोटाळा होतो. पॉक्सो कायदा २०१२, कलम १९: लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांत कळवायचं ते याशिवाय. साहेबांना फोन केला म्हणजे पोलिसांना कळवल्यासारखं होत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत.

खरं-खोटं करणं हे शाळेचं काम नाही. मुलीला ऑफिसात बोलावून चार माणसांपुढे पुन्हा पुन्हा विचारू नका, आरोप असलेल्या माणसाला समोर आणू नका, आणि गावात बसून मिटवणं तर मुळीच नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कलम १९ मध्येच संरक्षण आहे. मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, शक्यतो फौजदारापेक्षा खालच्या दर्जाची नको, आणि तो मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या ठिकाणी, गणवेश न घालता. हे पालकांना आधी सांगितलं की त्यांची निम्मी भीती जाते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइन) नंबर वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा, फोन फुकट आहे. या सगळ्याला एक रुपया लागत नाही. दोन्ही शिक्षक, मावशी आणि समितीतल्या सगळ्यांना हे तोंडपाठ हवं.

वर्गणीबद्दल: शिक्षण हक्क कायद्यात मुलाकडून कसलीही फी किंवा आकार घेता येत नाही. कुणी आपखुशीने दिलं तर हरकत नाही. पण यादी करून, घरटी रक्कम ठरवून, न देणाऱ्याचं नाव वाचून घेतलेले पैसे आपखुशीचे नसतात.

मुंबईकर पाटणचा

ताई, मी माथाडी, मशीद बंदरला असतो, गाव तुमच्याच खोऱ्यात. आमच्या ग्रामस्थ मंडळाकडे देवळाच्या कामाचे पैसे शिल्लक आहेत. गणपतीला गावी आलो की मंडळात विषय काढतो. तुमच्या गावच्या मंडळींनाही विचारा, प्रत्येक गावचं मंडळ मुंबईत आहेच. कॅमेरे आम्ही देऊ, त्यात काय एवढं.

दोन मुलांचा बाप, सातारा

सगळेच कॅमेऱ्याला दुय्यम ठरवताहेत म्हणून लिहितो. बदलापूरला १५ दिवसांचं चित्रण गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. ते असतं तर त्या आईबापांना पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं नसतं. लहान लेकराला नीट सांगता येत नाही, तिथे चित्रणच तिच्या बाजूने बोलतं. शहरातल्या शाळेत कॅमेरा आणि गावातल्या शाळेत ‘तुम्ही समिती नेमा’, हे मला पटत नाही. गावातल्या पोरीचा जीव स्वस्त आहे का? निधी नाही हे उत्तर आपण इतक्या लवकर पचवायचं नसतं.

अंगणवाडीची ताई

मी सेविका आहे, आमच्याही शाळेच्या समितीत आहे. मावशींच्या पडताळणीचं सांगते. फी आणि तालुक्याला जायचा खर्च मावशींना भरायला लावू नका, तेवढ्यात त्यांचे दोन दिवस जातात. आमच्याकडे समितीने ठराव करून अनुदानातून दिले आणि सगळ्यांचे अर्ज एकदमच नेले. पोलीस पाटलांना सोबत घ्या, काम लवकर होतं.

आणि शौचालयाची वाट दारात उभं राहून दिसेल अशी करा. एक दिवस कोयता लावला की झुडपं जातात. मधल्या सुट्टीत सर पुढच्या अंगाला, बाई मागच्या अंगाला, एवढं ठरवून घ्या. लहान वर्गातल्या मुलीला एकटीला कधीच पाठवायचं नाही. पोरी दार धरून उभ्या राहतात ते वाचून फार वाईट वाटलं. एवढ्याशा पोरींनी स्वतःची राखण स्वतः करायची का?

कोयनाकाठची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंना सगळं वाचून दाखवलं. रकान्यात आम्ही ‘नाही’ लिहिलं आणि ठरावाचा क्रमांक खाली टाकला. केंद्रप्रमुख साहेबांनी फोन करून विचारलं, बाईंनी पोच दाखवली, विषय तिथेच थांबला.

समितीची सभा झाली. कृष्णाकाठ सर, तुम्ही सांगितलं तसा दोन्ही गोष्टींचा एकच ठराव केला. ग्रामसेवक आधी म्हणाले की आराखडा मंजूर झालाय, आता बदल होणार नाही. आमच्या ग्रामपंचायत सदस्या, ज्या एरवी सभेत बोलत नाहीत, त्यांनी विचारलं की दहा टक्क्यांतलं यंदा काय काय केलं ते वाचून दाखवा. वाचायला काही नव्हतं. कडी आणि नवीन पत्र्याचं दार आठवड्यात बसलं. नळाचं काम पाऊस ओसरल्यावर करू म्हणालेत, तेही लेखी घेतलंय. झुडपं पालकांनी काढली, वाट आता व्हरांड्यातून पार टोकापर्यंत दिसते.

मुंबईकर दादा, तुमच्या शब्दाचं मोल मला कळतं. पण मला वाटतं मंडळाने आधी पैसे देऊ नयेत. आम्ही जिल्हा नियोजनाकडे मागणी केलीये. मंडळाने कॅमेरे दिले की आमची शाळा यादीतून गळणार, आणि ज्या वाडीचं मुंबईत मंडळच नाही तिला उद्या सांगितलं जाणार की तुम्हीही जमवा. मार्चपर्यंत काहीच आलं नाही तर मी स्वतः तुमच्याकडे पदर पसरीन. तोवर मंडळाने मागणीला पाठिंब्याचं पत्र दिलं, पालकमंत्र्यांना भेटताना आमचा विषय काढला, तर त्याचा फार उपयोग होईल.

साताऱ्याचे दादा, तुमचं म्हणणं मला टोचलं आणि पटलंही. कॅमेरा नको असं मी म्हणत नाही. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यात आहे. त्यांच्या नावाच्या समितीत बसून आमच्या पोरींना कमी पुरेल असं मी कधीच म्हणणार नाही. कॅमेरा हवाच आहे, फक्त तो शासनाने द्यावा आणि चालू ठेवावा. तेवढ्यासाठी दर सभेत तो विषय पुन्हा घेणार आहोत.

तक्रारपेटी टाकीजवळ हलवली. पहिल्या खेपेला निघालेल्या चिठ्ठ्यांत बहुतेक खेळाच्या साहित्याबद्दलच होत्या. एकीवर फक्त नवीन दाराचं चित्र होतं, कडी लाल खडूने रंगवलेली.

आता धनगरवाड्याच्या मुलांचं राहिलं. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल तर पहिली ते पाचवीच्या मुलांना समग्र शिक्षामधून वाहतूक भत्ता मिळतो असं बाई सांगतात, पण आमच्या केंद्रात आजवर कुणी तो प्रस्ताव केलेला नाही. तिथवर रिक्षा जात नाही, जीप जेमतेम अर्ध्या वाटेपर्यंत येते. भत्ता मुलांच्या पालकांच्या खात्यावर येतो, मग एखाद्या पालकालाच सोबतीला नेमून ते पैसे त्यांना देता येतील का? आजवर त्या मुलांबरोबर पाचवीतला सगळ्यात मोठा मुलगा असायचा, तो पुढच्या वर्षी सहावीला दुसऱ्या गावी जाईल. डोंगरी भागात कुणी असा प्रस्ताव करून मंजूर करून घेतला असेल, तर अंतराचा दाखला कुणाकडून घेतला आणि अर्ज कसा लिहिला ते कृपया इथेच टाका. नमुना मिळाला तर पुढच्या सभेआधी भरून देता येईल.